माद्रिदमध्ये एक सत्र: तास सांभाळून दिवसाउजेडी शहर कसं पाहायचं

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यातून सप्टेंबर ते जानेवारी एका सत्रासाठी माद्रिदला निघालाय. रात्रीच्या पार्ट्यांमध्ये रस नाही, शहर दिवसा पाहायचंय. पण तास आटपेपर्यंत सगळं बंद होईल अशी धास्ती आहे, पैसे बेताचे आहेत आणि खाणं शाकाहारी. सोबत ‘तीन दिवसांत माद्रिद’ छापाची लांबलचक यादी जोडून यातलं काय गाळू, असं विचारलंय.

यादी आधी बाजूला ठेवा. ज्याच्या हातात सलग तीन रिकामे दिवस असतात त्याच्यासाठी ती केलेली असते. तुमच्याकडे असे सलग तीन दिवस नसतील, पण जवळपास वीस आठवड्यांतले दोन-दोन, तीन-तीन तासांचे तुकडे असतील. त्यामुळे काय गाळायचं हा प्रश्नच उरत नाही. कुठल्या तुकड्यात काय बसवायचं एवढंच ठरवायचंय. त्यात भर म्हणजे तुम्ही जाताय तो काळ उजेड आटत जाण्याचा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात माद्रिदला सूर्य रात्री पावणेनऊच्या आसपास मावळतो, तर डिसेंबरमध्ये सहाच्या आतच अंधारतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात, तेव्हा तर एका रात्रीत संध्याकाळ गायब झाल्यासारखी वाटते. सप्टेंबरात आखलेला बेत नोव्हेंबरात चालत नाही तो यामुळे.

दोन गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हालाच तपासाव्या लागतील. पहिली म्हणजे तुमचे तास कुठल्या पाळीत आहेत. स्पेनमधल्या बऱ्याच विद्यापीठांत एकाच विषयाचे सकाळचे आणि दुपारचे असे वेगळे गट असतात. सकाळचा गट साधारण नऊ ते अडीच, दुपारचा तीन ते रात्री आठ-साडेआठ. गट निवडायची संधी मिळाली तर निव्वळ शहर पाहण्याच्या दृष्टीनं मी दुपारचा सुचवेन, विशेषतः या सत्रात. नोव्हेंबर-डिसेंबरात सकाळी दहा ते दोन हाच खरा उजेडाचा वेळ, आणि तो तुमच्या हातात राहतो. पण विषय आणि प्राध्यापक चांगले सकाळी असतील तर सकाळच घ्या, त्याचाही मार्ग पुढे सांगते.

दुसरी गोष्ट वय. 25 वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना प्रादो आणि रेइना सोफिया ही दोन्ही मोठी संग्रहालयं फुकट आहेत, आणि त्यासाठी युरोपचा नागरिक असावं लागत नाही. चालू वर्षाचं विद्यार्थी ओळखपत्र आणि वयाचा पुरावा लागतो. भारतातून एमबीएला वगैरे येणारे बरेचजण 26-27चे असतात, त्यांना ही सवलत नाही. त्यांनी मोफत वेळा धराव्यात. प्रादो सोमवार ते शनिवार संध्याकाळी 6 ते 8, रविवारी आणि सुटीच्या दिवशी 5 ते 7. रेइना सोफिया सोमवारी आणि बुधवार ते शनिवार संध्याकाळी 7 ते 9, रविवारी दुपारी 12.30 ते 2.30. रेइना सोफिया मंगळवारी बंद असतं. महापालिकेची बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. हे दोन वार डोक्यात ठेवले तरी निम्मे हेलपाटे वाचतात.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात करायचं काम म्हणजे प्रवासाचं कार्ड. 26 पूर्ण होईपर्यंत ‘आबोनो होवेन’ हा तरुणांचा पास मिळतो. मूळ दर 30 दिवसांना 20 युरो आणि अलीकडे अनुदानामुळे त्याहूनही कमी पडतोय. यात मेट्रो, शहर बस, सेर्कानियास म्हणजे तिथली लोकल, प्रदेशातल्या हिरव्या बस आणि विमानतळाच्या मेट्रोचा जादा आकार, सगळं येतं. खरी गंमत म्हणजे तो फक्त शहरापुरता नसून अख्ख्या माद्रिद प्रदेशात चालतो. अल्काला दे एनारेस, आरांख्वेस, एल एस्कोरियाल ही गावं पासातच बसतात, वेगळं तिकीट लागत नाही. हे कार्ड तुमच्या नावाचं आणि फोटोचं असतं. ऑनलाइन मागवलं तर ते टपालानं घरी येतं, आणि पहिल्या आठवड्यात पक्का पत्ता नसतो, इथेच गाडी अडते. त्याऐवजी अधिकृत कार्यालयाची वेळ घ्या आणि पासपोर्ट घेऊन स्वतः जा. 30 दिवस मोजले जातात ते पहिल्या वापरापासून, महिन्याच्या एक तारखेपासून नव्हे. तोवर ‘मुल्ती’ नावाचं बिननावाचं लाल कार्ड घेऊन त्यावर दहा फेऱ्या भरा. ते मैत्रिणीसोबत वाटूनही वापरता येतं.

आता सकाळच्या गटाचं पाहू, कारण बहुतेकांची अडचण तिथेच होते. तास अडीचला सुटले. आपल्या हिशेबानं आता ऊन उतरणीला लागायला हवं. माद्रिदमध्ये तसं होत नाही. देश भौगोलिकदृष्ट्या पश्चिमेला आणि घड्याळ मध्य युरोपचं, त्यात उन्हाळ्याचा एक तास वाढवलेला. त्यामुळे सप्टेंबरात सूर्य डोक्यावर येतो तोच दोन वाजून गेल्यावर, आणि तापमानाचा कळस पाच-सहाच्या सुमारास. अडीचला सुटून तडक रेतिरो उद्यानात किंवा प्लाझा मायोरच्या दगडी चौकात गेलात तर दिवसाचे सगळ्यात वाईट तीन तास उन्हात जातील आणि सहाला हवा जरा बरी होईल तेव्हा तुम्ही थकून घरी निघालेल्या असाल. म्हणून सप्टेंबर आणि अर्ध्या ऑक्टोबरपर्यंत क्रम असा ठेवा: अडीच ते साडेतीन जेवण, मग सहापर्यंत छपराखाली, म्हणजे संग्रहालय, ग्रंथालय किंवा सरळ घरी वामकुक्षी, आणि सहा ते साडेआठ बाहेर.

घड्याळं मागे गेली की हाच क्रम उलटा करायचा. तास सुटल्यावर पटकन काहीतरी खाऊन साडेपाचपर्यंत बाहेर फिरायचं, आणि अंधार पडल्यावर संग्रहालय. प्रादो आठपर्यंत उघडं असतं, रविवारी सातपर्यंत. रेइना सोफिया नऊपर्यंत, पण रविवारी अडीचलाच बंद. मोठी संग्रहालयं रात्रीपर्यंत चालतात, त्यामुळे हिवाळ्यातला उजेड त्यांच्यावर खर्च करणं ही उधळपट्टीच. चर्चचं मात्र निराळं: बरीचशी दुपारी एकच्या सुमारास बंद होतात आणि पाच-सहाला पुन्हा उघडतात. लहान दुकानांचंही तसंच, दोन ते पाच शटर खाली.

कुठून सुरुवात करायची हे तुमच्या कॅम्पसवर ठरेल. कार्लोस तेर्सेरो विद्यापीठाचं अभियांत्रिकी लेगानेसला आहे. तिथून सेर्कानियासची सी-5 थेट आतोचा स्थानकात येते, आणि आतोचा हा तुमचा तळ. तिथून रेइना सोफिया रस्ता ओलांडला की आलंच, प्रादो आणि रेतिरो पायी दहा-पंधरा मिनिटांवर. कॉम्प्लुतेन्से किंवा पॉलिटेक्निकच्या सिउदाद उनिव्हेर्सितारिया भागात असाल तर तळ मोंक्लोआ. पार्के देल ओएस्तेमधून उतरत-चढत देबोदच्या मंदिरापर्यंत चालत जाता येतं. हे मंदिर अस्सल इजिप्शियन आहे. आस्वान धरणाच्या पाण्यात न्यूबियातली स्मारकं बुडणार होती, ती वाचवायला स्पेननं मदत केली म्हणून 1968 मध्ये इजिप्तनं ते भेट दिलं, आणि 1972 पासून ते दगड न् दगड पुन्हा रचून इथे उभं आहे. आतली जागा अगदी चिंचोळी, सोमवारी बंद. आत गेलं नाही तरी चालेल. मागच्या कठड्यावरून कासा दे काम्पो या मोठ्या उद्यानाकडे दिसणारा सूर्यास्त सोडू नका. मोंक्लोआहून आतोचाला ग्रान व्हियामार्गे 001 क्रमांकाची शहर बस पूर्ण मोफत धावते, पास हाती नसतानाच्या दिवसांत ती फार उपयोगी पडते.

प्रादोबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण विद्यार्थी सगळ्यात जास्त चूक तिथे करतात. पहिल्याच शनिवारी चार तास चालून सगळं ‘उरकायचं’, आणि मग सत्रभर तिकडे फिरकायचं नाही. दीड तासानंतर डोळे चित्रं घेतच नाहीत. त्यातून वय 25पर्यंत असेल तर प्रवेश फुकट, मग एका वेळी एकच चित्रकार धरा आणि तासाभरात बाहेर पडा. पहिली खेप वेलाझ्केझची: 12 क्रमांकाच्या दालनात 1656 सालचं ‘लास मेनिनास’ आहे. आधी लांब, दालनाच्या मागच्या बाजूला उभं राहून पाहा, मग जवळ जा. लांबून राजकन्येच्या झग्यावरची जर अगदी बारकाईनं काढल्यासारखी वाटते, जवळ गेल्यावर तिथे नुसते चार-दोन मोकळे फटकारे निघतात. त्या दालनात हेच पाहण्यासारखं आहे, पण गर्दी पुढून ढकलत असल्यानं बहुतेकांना ते जमत नाही. सकाळी दहाला किंवा दुपारी तीन-चारला, स्पेन जेवत असताना, गर्दी सगळ्यात कमी असते. दुसरी खेप गोयाची: ‘3 मे’ आणि तळमजल्यावरची काळी चित्रं. तिसरी बॉशची, 56-अ दालनातलं एक त्रिपट्टी चित्र अर्धा तास खातं. प्रादोमध्ये फोटो काढायला सक्त मनाई आहे. पाठीवरची मोठी सॅक आत नेता येत नाही, ती ठेवण्या-काढण्यात वेळ जातो, म्हणून तासावरून थेट जाणार असाल तर लॅपटॉपची बॅग सुटसुटीत ठेवा. आणि प्रवेश फुकट असला तरी शून्य युरोचं तिकीट घ्यावंच लागतं. ओळखपत्र दाखवून थेट दारातून आत, असं होत नाही.

रेइना सोफियामध्ये पिकासोच्या ‘गेर्निका’साठी वेगळी खेप काढा. हे चित्र 1937 चं, पण हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूनंतर 1981 मध्ये ते स्पेनला आलं आणि या संग्रहालयात 1992 पासून आहे. 2023 पासून त्याचा फोटो काढायला परवानगी मिळाल्यामुळे समोर हातांची भिंत असते. संध्याकाळच्या मोफत वेळेत तर विचारूच नका. 25पर्यंतच्या विद्यार्थ्यांना कधीही फुकट आहे, तेव्हा त्या वयात असाल तर मोफत वेळ मुद्दाम टाळा. थिसेन हे तिसरं मोठं कलासंग्रहालय सोमवारी दुपारी 12 ते 4 मोफत असतं.

या तिघांपेक्षाही आधी, पहिल्याच आठवड्यात, फुएन्कार्राल रस्त्यावरचं शहराच्या इतिहासाचं संग्रहालय बघा. प्रवेश मोफत, मेट्रो त्रिबुनाल, सोमवारी बंद. तिथे 1830 सालची माद्रिदची लाकडी प्रतिकृती आहे. सोल हा मध्यवर्ती चौक, प्लाझा मायोर, राजवाडा हे सगळं एकमेकांच्या किती जवळ आहे ते तिच्यावर एका नजरेत कळतं, आणि मग तुम्ही सोलहून राजवाड्याला मेट्रोनं जाणार नाही. ते अंतर जेमतेम एक किलोमीटर आहे. मध्य माद्रिदमध्ये दोन स्थानकांसाठी खाली उतरून गाडी बदलण्यापेक्षा चालणं बहुतेक वेळा लवकर होतं. चढ-उतार मात्र बराच आहे, लावापिएसहून वर यायला धाप लागते. राजवाड्यातला मोठा पहारेबदल महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी 12 वाजता असतो, जानेवारी, ऑगस्ट आणि सप्टेंबर सोडून. पाऊस असेल तर तो रद्द होतो.

रविवारी सकाळी एल रास्त्रो हा बाजार, 9 ते 3. अकराच्या आत जा आणि कास्कोर्रो चौकातून उताराच्या दिशेनं खाली या. उलटं गेलात तर चढावर गर्दीच्या विरुद्ध चालावं लागेल. खिसेकापू तिथे आणि मेट्रोच्या एक क्रमांकाच्या मार्गावर हमखास. मारहाण क्वचित, हातचलाखी भरपूर: कॅफेच्या टेबलावर फोन ठेवला असेल तर कुणीतरी कागद किंवा नकाशा त्यावर धरून काहीतरी विचारतं, आणि कागदासोबत फोनही जातो. पासपोर्ट घरी ठेवून त्याची प्रत जवळ बाळगा. चोरी झालीच तर लेगानितोस रस्त्यावरच्या 19 क्रमांकाच्या पोलीस ठाण्यात परदेशी पर्यटकांसाठी वेगळा कक्ष आहे. तिथली तक्रारीची प्रत पुढे विम्याला आणि दूतावासाला लागते.

आता शनिवारच्या सहली. इथेही उजेडाचा हिशेब. डोंगराकडचं आणि लांबचं सप्टेंबर-ऑक्टोबरात, जवळचं नंतर.

एल एस्कोरियाल आधी करा. फेलिपे दुसऱ्यानं 1563 ते 1584 या काळात बांधून घेतलेला हा मठ-राजवाडा हजारेक मीटर उंचीवर आहे आणि नोव्हेंबरनंतर तिथला वारा हाडांत शिरतो. जायला रेल्वेही आहे, पण स्टेशन खालच्या गावात आणि मठ वर, मधला चढ चांगलाच. मोंक्लोआहून सुटणारी 661 किंवा 664 क्रमांकाची बस मठाजवळ सोडते, तीच घ्या. सोमवारी बंद.

तोलेदोला आतोचाहून आव्हांत ही वेगवान गाडी साधारण 33 मिनिटांत पोचते, पण आसन आरक्षित असतं आणि सुटीच्या दिवशी सकाळच्या गाड्या भरतात. प्लाझा एलिप्तिकाहून बस तासाभरात जाते, तिकीट निम्म्याच्या आसपास. विद्यार्थ्यांनी बसच धरावी, तिला आयत्या वेळी बहुधा जागा मिळते. बसस्थानक टेकडीखाली आहे. रस्त्यानं चढत बसू नका, सरकते जिने आहेत ते शोधा. सकाळी नऊच्या आत निघालात तर अकरापर्यंत, पर्यटकांच्या मोठ्या बस येण्याआधी, गल्ल्या रिकाम्या मिळतात.

सेगोव्हियाची खोच वेगळी. चामार्तीनहून आव्हांत अर्ध्या तासात पोचते खरी, पण सेगोव्हिया-गियोमार हे स्टेशन माळावर, गावापासून पाच-सहा किलोमीटर. तिथून गावातल्या रोमन जलवाहिनीपर्यंत 11 क्रमांकाची बस आहे. परतीच्या गाडीची वेळ धरताना त्या बसची वेळही आधी बघा, ती चुकली की गाडी चुकते. मोंक्लोआहून थेट बस सव्वा तास घेते आणि गावातच सोडते. हिशेब केला तर फरक फारसा उरत नाही.

अल्काला दे एनारेस आणि आरांख्वेस थंडीसाठी राखून ठेवा. दोन्ही सेर्कानियासनं तासाभरात, पासावर, त्यामुळे हवा बिघडली तर परत फिरायला काही वाटत नाही. अल्कालात लेखक सर्व्हान्तेसचं जन्मघर मोफत पाहता येतं, जुनं विद्यापीठ 1499 चं आहे, आणि तासांची पाळी कुठलीही असली तरी अर्ध्या दिवसात गाव होतं. विद्यार्थी संघटनांच्या बससहली दूरच्या गावांसाठी ठीक, पण तोलेदोसाठी मुळीच नको. पन्नास जणांच्या ताफ्यात अर्धा दिवस माणसं मोजण्यातच जातो.

खाण्याचं. दुपारचं ‘मेनू देल दिया’ म्हणजे पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी, साधारण 12 ते 16 युरोंत. बहुतेक ठिकाणी फक्त कामाच्या दिवशी, दीड ते चार. साडेबाराला गेलात तर स्वयंपाकघर उघडलेलं नसतं, आणि चारनंतर रात्री साडेआठपर्यंत नीट जेवण मिळत नाही, हे सहलीच्या दिवशी विसरू नका. विद्यापीठाची खानावळ याहून बरीच स्वस्त. साधं पाणी मागितलं तर उपाहारगृहांना ते फुकट द्यावं लागतं, 2022 पासून कायदाच आहे. ‘आग्वा देल ग्रिफो’ म्हणा, नाहीतर बाटली येते.

शाकाहारात घोळ होतो तो असा: ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हटलं की वेटरच्या डोक्यात फक्त मटण-बीफ येतं. हामोन (डुकराचं खारवलेलं मांस) आणि ट्यूना मासा त्यात धरत नाहीत. ‘एन्सालादा मिक्स्ता’ या सॅलडवर ट्यूना असतो, फरसबीच्या भाजीत हामोनचे तुकडे, मसुरीच्या आमटीत चोरीसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज), साल्मोरेखो या टोमॅटोच्या थंड सूपवर हामोन भुरभुरलेलं. म्हणून चारही नावं घ्या: सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो (मासे), सिन आतून (ट्यूना). अंडं चालत असेल तर तोर्तिया दे पातातास म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट कुठेही मिळतं. नसेल तर पिमिएन्तोस दे पाद्रोन म्हणजे तळलेल्या हिरव्या मिरच्या, गास्पाचो हे थंड सूप, वांग्याचे तळलेले काप. पिस्तो ही मिश्र भाजी चांगली, फक्त त्यावर अंडं नको म्हणून सांगा. वरण-भाताची आठवण अनावर झाली तर लावापिएस रस्त्यावर भारतीय उपाहारगृहं रांगेनं आहेत. आणि डिसेंबरात सगळीकडे दिसणारे पोल्व्होरोन आणि मान्तेकादो नानकटाईसारखे दिसतात, पण पारंपरिक पद्धतीनं ते डुकराच्या चरबीत करतात. पाकिटावर ‘मान्तेका दे सेर्दो’ लिहिलंय का ते बघा.

सुट्यांकडे लक्ष असू द्या: 12 ऑक्टोबर, 1 नोव्हेंबर, फक्त माद्रिद शहराची 9 नोव्हेंबर, मग 6 आणि 8 डिसेंबर. या दोन डिसेंबरच्या सुट्यांना जोडून अख्खं शहर बाहेर पडतं, त्या आठवड्यात तोलेदो-सेगोव्हियाला जाऊ नका. त्याऐवजी माद्रिदमध्येच राहून सकाळी संग्रहालयं करा. प्रादो 25 डिसेंबर आणि 1 जानेवारीला पूर्ण बंद असतं, आणि 6 जानेवारीलाही बरंच काही लवकर आटपतं किंवा उघडतच नाही. जानेवारीत परीक्षा सुरू झाल्या की लांबचा बेत कुणाच्याच्यानं होत नाही. तेव्हासाठी प्रादोतल्या तासाभराच्या एक-दोन खेपा आणि चेंबेरीचं 1966 मध्ये बंद झालेलं जुनं मेट्रो स्थानक शिल्लक ठेवा. तिथे प्रवेश मोफत आहे, पण आधी ऑनलाइन जागा धरावी लागते, आणि शनिवार-रविवारच्या जागा लवकर संपतात.